पत्र्याखालचं वर्कशॉप थंड करताना

दुपारी अडीच वाजता बाहेर सावलीत ३९ अंश आणि गॅरेजात ४१. फरक दोनच अंशांचा. तरी बाहेर झाडाखाली तासभर बसता येत होतं आणि आत रंधा हातात धरून दहा मिनिटंही उभं राहवत नव्हतं. पुढचं सगळं काम या विसंगतीवरून ठरलं. हवा तापलेली होतीच, पण भाजत होता तो पत्रा. इन्फ्रारेड थर्मामीटर वर रोखला तेव्हा पत्र्याची आतली बाजू ६६ अंश, शटरची ५८, पश्चिमेची भिंत ४२ आणि फरशी ३१ निघाली. म्हणजे डोक्यावर २१ चौरस मीटरचा तवा उलटा टांगलेला आणि त्याची धग थेट डोक्या-खांद्यांवर. पंखा हवा हलवतो, ही धग अडवत नाही.

या थर्मामीटरबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण पहिलं वाचन ६६ नव्हतं, ४४ होतं. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो, त्यामुळे कोऱ्या जस्ती पत्र्यावर हे यंत्र सर्रास खोटं बोलतं. पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा, दोन-तीन मिनिटं तापू द्यायचा आणि टेपवर नेम धरायचा. खरा आकडा तिथे मिळतो. हवेचं तापमान मोजणारा साधा थर्मामीटरही पत्र्याच्या नजरेसमोर टांगला तर धग खाऊन जास्त दाखवतो. त्याच्यावर पुठ्ठ्याची सावली हवी आणि तो कामाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटरवर हवा.

गॅरेज ६ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, सरासरी उंची २.७ मीटर. वर पन्हळी पत्रा, त्याखाली लोखंडी पर्लिन (पत्रा ज्यांवर टेकतो ते आडवे वासे), भिंती विटांच्या. पश्चिमेला २.४ बाय २.१ मीटरचं गुंडाळी शटर.

सुरुवात आतल्या शेगड्या बाहेर काढण्यापासून केली. दीड किलोवॉटचा कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. म्हणजे तो चालू असताना दीड किलोवॉटचा हीटर लावल्यासारखंच आहे. तो बाहेर सावलीत नेला, भिंतीपासून ४० सेंटिमीटर सोडून, म्हणजे त्याचा स्वतःचा पंखा गुदमरत नाही. भिंतीतून नळी आत आणली. इथे एक गोष्ट आधी लक्षात आली नाही: टाकीतून गरम निघालेली हवा नळीत थंड होते आणि पाणी सोडते. रंगाच्या गनमधून थेंब उडाले तेव्हा पाणी वेगळं करणारा फिल्टर नळीच्या आतल्या टोकाला, कामाच्या टेबलाजवळ हलवला. तो कॉम्प्रेसरलाच लावला असता तर पुढे नळीत सुटलेलं पाणी तसंच गनमध्ये आलं असतं.

गाडीचंही तेच. नुकत्याच थांबलेल्या गाडीचं दीडशे किलोचं इंजिन ९० अंशांवरून ३५ वर येताना साधारण १.४ युनिट उष्णता सोडतं. एक किलोवॉटची शेगडी जवळपास दीड तास जळावी इतकी. गाडी बाहेर बॉनेट उघडून तासभर थांबवायची आणि मगच आत घ्यायची. ५०० वॉटचा हॅलोजन काढून ५० वॉटचा एलईडी लावला. त्याच्या उजेडात मान भाजत नाही, हा फायदा आकड्यात सांगता येत नाही.

मग छप्पर. पांढरा परावर्तक रंग देणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत फायद्याचा भाग, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच झाल्या. रंगाआधी पत्रा ब्रशने घासून धुवायचा, गंजलेल्या जागी वायर ब्रश मारून गंजरोधक प्रायमर द्यायचा आणि तडकलेले रबरी वॉशर बदलायचे. रंगाचा थर चढल्यावर वॉशर तडकलेला आहे की नाही ते दिसत नाही. गळायला लागल्यावरच कळतं. पत्रा जस्ताचा असेल तर जस्तावर धरणारा प्रायमर आधी लागतोच. नाहीतर रंग वर्ष-दीड वर्षात सालीसारखा निघतो.

सकाळी अकराला सुरू केलेली पहिली पट्टी वाया गेली. पत्रा तेव्हाच पन्नाशीच्या पुढे होता. रोलर पुढे सरकेना, रंग रोलरवरच सुकून तारा ओढायला लागला आणि मागे राहिलेल्या थरावर बारीक फुगे आले. खालचा रंग ओला असताना वरची साय आधी धरते आणि आतली वाफ तिला उचलते. ती पट्टी खरवडून काढावी लागली. उरलेलं काम पहाटे, पत्र्याला हात टेकवता येतोय तोवरच केलं. रोलर पन्हळीच्या दिशेने फिरवायचा आणि खोबणी ब्रशने भरायची. दोन हात, मध्ये डब्यावर दिलेला वेळ पूर्ण सोडून.

रंगही कमी पडला. हिशेब २१ चौरस मीटरचा केला होता, पण पन्हळीमुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग त्याहून दहा-वीस टक्के जास्त असतो. डब्यावर लिटरमागे दोन हातांत अडीच चौरस मीटर लिहिलं असेल तर अशा छपराला दहा लिटर धरा. वर चढताना फळी टाकून, स्क्रूच्या रांगेवरून, म्हणजे पर्लिनच्या डोक्यावरून चालायचं. पारदर्शक फायबरच्या पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही, तो वजन धरत नाही. चुना फासूनही सुरुवातीला चांगला फरक पडतो, पण पाऊस झाला की तो निघून जातो.

रंगानंतर साधारण तशाच एका दुपारी पत्रा ६६ वरून ४७ वर आला होता. हवेत मात्र फरक जेमतेम दीड अंशाचा. नुसता हवेचा थर्मामीटर बघितला असता तर रंग वाया गेला असंच वाटलं असतं. पण डोक्यावरची झळ जवळपास गेली होती, आणि आत काम करता येतं की नाही हे तिच्यावरच ठरत होतं.

शटरला आतून फोम चिकटवण्याचा विचार मोजमाप घेतल्यावर सोडून दिला. गुंडाळी शटरच्या पट्ट्या एकमेकींवर गुंडाळल्या जातात. त्यांवर जाडी वाढली की गुंडाळी फुगते आणि वरच्या पेटीत अडकते, शिवाय स्प्रिंगचा तोल बिघडतो. त्याऐवजी बाहेरून ४० सेंटिमीटर पुढे पाइपच्या चौकटीवर शेडनेट ताणलं. जाळी स्वतः तापते, पण मधल्या मोकळ्या जागेतून हवा वर निघून जाते आणि ती उष्णता शटरपर्यंत येत नाही. हे अंतर महत्त्वाचं. जाळी शटरला टेकवून लावली तर निम्मा उपयोग गेला. शटरचं आतलं वाचन ५८ वरून ४२ वर आलं. वर उचलला जाणारा पॅनेलचा दरवाजा असेल तर त्यावर २५ मिलिमीटरची शीट बसवता येते, पण ५ चौरस मीटरला नुसत्या फोमचं वजन चार किलो होतं, त्यावर आच्छादनाचं वेगळं. तेवढ्यानेही दरवाजाचा तोल जातो आणि स्प्रिंग पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ताणलेल्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नये. ती सुटली तर हात मोडते.

छताचं आतलं अस्तर हे सर्वांत वेळखाऊ काम. वरून खाली क्रम असा ठेवला: पत्रा, पर्लिनच्या उंचीइतकी १०० मिलिमीटर मोकळी जागा, दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेली फॉइल, २५ मिलिमीटर मोकळी जागा, ५० मिलिमीटरची एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीचा, पण दाट फोम) आणि सर्वांत खाली ६ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. फॉइलबद्दल मोठा गैरसमज आहे. ती पत्र्याला थेट चिकटवली की काही उपयोग होत नाही. ॲल्युमिनियम उष्णतेचा उत्तम वाहक आहे. चिकटलेल्या जागी तो उष्णता सरळ पुढे देतो. त्याची चकाकी कामाला येते ती समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच, आणि पोकळी किमान २० ते २५ मिलिमीटर तरी हवी. वरच्या बाजूवर काही वर्षांत धूळ बसते आणि तिचा गुण जातो. खालची बाजू स्वच्छ राहते आणि चकचकीत असल्यामुळे खाली उष्णता फेकतच नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चकचकीत घेतलेली बरी.

वरची पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवली, जाळी लावून. उताराच्या खालच्या टोकातून हवा शिरते आणि वरच्या टोकातून तापून बाहेर पडते. दमट रात्री पत्र्याच्या खालच्या बाजूला दव धरतं, ते फॉइलवर पडून उताराने बाहेर जायला हवं, म्हणूनही खालचं टोक बुजवायचं नाही. फॉइलचे जोड ७५ मिलिमीटर चढवून, वरची पट्टी खालच्या पट्टीवर येईल असे, कौलं बसवतात त्या क्रमाने. उलट चढवले की पाणी जोडातून थेट शीटवर. आणि फॉइल वीजवाहक आहे हे विसरून चालत नाही. स्टेपलर मारण्याआधी छतावरच्या सगळ्या वायरी पाइपात घातल्या. वायरीत घुसलेली एक पिन सगळं छत वीजभारित करू शकते.

पहिली शीट बसवताना चूक झाली. ती चौकटीला चिकटवायला नेहमीचं पिवळं रबरी सोल्यूशन घेतलं. लावल्यावर मिनिटभरात बारीक चुरचुर ऐकू आली. शीट काढून पाहिली तर तळहाताएवढा खड्डा, कडा काचेसारख्या गुळगुळीत, तळाशी चिकट लगदा. थर्माकोल काय आणि एक्सपीएस काय, दोन्ही पॉलिस्टायरीनच, आणि त्या सोल्यूशनमधलं द्रावक ते चक्क विरघळवतं. थिनर, पेट्रोल आणि ॲसिटोनही तसंच. फोमसाठी म्हणून मिळणारा पाण्यातला चिकटपदार्थ किंवा पीयू फोम घ्यायचा. जमलं तर रुंद वॉशरचे स्क्रूच पुरे. एक्सपीएस ७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, म्हणून तोही तापत्या पत्र्याला चिकटवायचा नाही.

त्याहून गंभीर गोष्ट आगीची. हा फोम उघडा ठेवून त्याखाली ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणूनच खाली सिमेंट बोर्ड. बोर्डांचे सांधे भरून घेतले, कारण ठिणगीला फट पुरते. वेल्डिंगच्या टेबलावरच्या भागात फोम वापरलाच नाही, तिथे न जळणारं रॉकवूल घातलं. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस खाज जात नाही.

अस्तर झाल्यावर भर दुपारी बोर्डाची खालची बाजू ३७ अंश निघाली. डोक्यावरचं छत आता अंगापेक्षा गरम राहिलं नव्हतं.

एक्झॉस्ट पंखा याआधीच बसवला होता आणि त्याचा हिशेब सोपा आहे. खोलीचं आकारमान ५७ घनमीटर. तासाला ३० वेळा हवा बदलायची तर १७०० घनमीटर, म्हणजे जवळपास १००० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट). एवढी हवा, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशामागे ५६० वॉट उष्णता बाहेर नेते. लोक पंखा मोजून घेतात आणि आत येणाऱ्या हवेची वाट मोजायची विसरतात. दीड मीटर प्रतिसेकंद वेगाने १७०० घनमीटर आत यायचे तर ०.३१ चौरस मीटर मोकळं भोक लागतं. मच्छरजाळी तिसरा हिस्सा खाते, म्हणून खिडक्या एकूण ०.४८ चौरस मीटरच्या ठेवल्या: ६० बाय ४० सेंटिमीटरच्या दोन, सावलीच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर. पंखा समोरच्या भिंतीत, छताला लागून. वाट पुरेशी आहे का हे कानांनी कळतं. शटर बंद ठेवून पंखा लावा आणि शटर वीतभर वर उचला. पंख्याचा आवाज बदलला तर तो आतापर्यंत गुदमरत होता.

पंखा शटरच्या वरच लावून शटर उघडं ठेवण्याची चूक फार ठिकाणी दिसते. हवा शटरमधून आत येते, वर वळते आणि पंख्यातून निघून जाते. मागच्या टेबलाशी पानही हलत नाही. उदबत्तीचा धूर खोलीभर फिरवून पाहिला की कुठे हवा मेलेली आहे ते लगेच दिसतं. उघड्या पत्र्याखाली सीलिंग फॅन लावणं हीही तशीच चूक. तापलेली हवा वर साठून राहिलेली असते, तो तिला कामाला लावून खाली आणतो.

अस्तर झाल्यावर पंख्याचं वेळापत्रक मात्र उलटं करावं लागलं. आधी आत ४१ आणि बाहेर ३९ असताना दुपारी पंखा लावणं बरोबर होतं. आता आत ३६ आणि बाहेर ३९. दुपारी पंखा लावला की आपणच गरम हवा आत ओढतो. सवयीने तो चालू राहिला आणि पहिले दोन-तीन दिवस अस्तराचा फायदाच दिसेना. आता तो रात्री दहापासून पहाटे सहापर्यंत चालतो आणि सकाळी आठच्या आत खिडक्या-शटर बंद होतात. रात्रीचा गारवा साठतो तो फरशीत आणि विटांत. १० सेंटिमीटर जाडीची २१ चौरस मीटर काँक्रीटची फरशी एक अंशाने गार होते, तेव्हा सव्वा युनिटच्या आसपास उष्णता घालवलेली असते. दिवसा ती तेवढीच परत पिते. रंग, थिनर, वेल्डिंग किंवा बारीक भुश्शाचं काम असेल तेव्हा हा नियम मोडायचा, बाहेर कितीही गरम असो. आणि थिनरची वाफ ओढणाऱ्या पंख्याची मोटर ठिणगी न पडणारी हवी. साधा पंखा त्या कामाचा नाही.

अंगावर वारा घ्यायला उभा पंखा, बाजूने, दोन मीटरवरून. सेकंदाला मीटरभर वेगाचा वारा अंगाला दोन-तीन अंश कमी भासवतो. पण हवा चाळिशीच्या पुढे गेली की पंखा उलट अंग तापवतो. तेव्हा काम थांबवणं हाच उपाय. जोडाभोवती संरक्षक वायू सोडणाऱ्या मिग वेल्डिंगला हा वारा मुळीच चालत नाही, तो वायू उडून जातो आणि जोडात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात.

कुलरबाबत हवेतला ओलावा काय तेच ठरवतो. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी सुकवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते तो आकडा, २३ च्या आसपास येतं आणि बरा पॅड असलेला कुलर २७-२८ अंशांची हवा देतो. हवा ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर तोच कुलर जेमतेम ३० पर्यंत आणतो, तीही चिकट. शिवाय कुलर खिडकीबाहेर, बाहेरची हवा ओढणारा असावा आणि समोर हवेला बाहेर पडायला वाट असावी. बंद खोलीत ठेवला तर अर्ध्या तासात घामच सुकत नाही. कोरड्या दुपारी ताशी २००० घनमीटरचा कुलर तासाला १२ लिटर पाणी उडवतो, आणि ते सगळं पाणी आपल्या हत्यारांवरून जातं. बिडाच्या टेबलावर एका रात्रीत नारिंगी छटा आली ती यामुळेच. आता आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर असेल तर कुलर लावत नाही, आणि काम संपल्यावर कोरडा पंखा अर्धा तास चालवून टेबलावर मेणाचा हात फिरवतो. कुलरच्या धातूच्या पेटीला अर्थिंग आणि त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हे ओघानंच आलं.

एसी बसवलेला नाही. अस्तर आणि फटी बुजवण्याआधी तो बसवणं म्हणजे अंगण थंड करणं, आणि बारीक भुस्सा ओल्या कॉइलवर लापशीसारखा बसतो. एका नळीचा फिरता एसी तर टाळावाच. तो खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत येते.

लेथवर काम करणाऱ्यांना एक उपद्रव तरीही उरतो. मापं २० अंशांवर धरलेली असतात. ३६ अंशांवर ३०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा ०.०५ मिलिमीटरने वाढलेला असतो, ॲल्युमिनियमचा ०.११ ने. पोलादी तुकडा पोलादी कॅलिपरने मोजला तर दोन्ही बरोबरीने वाढलेले असतात आणि निभावून जातं. ॲल्युमिनियम मात्र शेवटचा काप घेण्याआधी फरशीवर ठेवून निवू द्यावं लागतं. लिथियम बॅटऱ्या आणि स्प्रेचे डबेही शटरलगतच्या फळीवरून उतरवून फरशीजवळच्या कपाटात ठेवले आहेत. डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेलीच असते.

दुसऱ्या उन्हाळ्यात पहिल्याच मोजणीत पत्रा ४७ ऐवजी ५३ निघाला. रंग उडाला नव्हता, वर वर्षभराची धूळ होती. पहाटे मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुतला, दुपारी पुन्हा मोजला: ४८.